बर्फाची गाडी

ह्यांच्या बोटांच्या पेरांना कान आहेत, असे मला लग्नानंतर पुष्कळ वर्षे वाटत असे. मान किंचित कलती, डोळे मिटलेले, अशा मुद्रेने हे होडीच्या फळीवर वाकड्या बोटाने टकटक करीत, आणि त्या ओल्या, घुमणाऱ्या नादातून कुठली फळी जून आहे, कुठली आतून पोकळ झाली आहे, ते ह्यांना कळे. श्रावणातली सर ओसरल्यावर पागोळ्यांचा जो सावकाश नाद उरतो ना, तसा तो आवाज. गेल्या उन्हाळ्यात छातीचे दुखणे झाले, होडी विकली, आणि तो नाद घरातून गेला. तेव्हापासून आमचे हे तांडेल पडवीत समुद्राकडे पाठ करून बसतात. जन्मभराच्या सोबत्याशी अबोला धरल्यासारखे.

आणि काल, आश्विनातल्या पितळी उन्हात, भाट्याच्या खाडीकाठी, मी तो नाद पुन्हा ऐकला. हे लोखंडावर टकटक करीत होते.

पांडूभावजी ह्यांचे चुलतभाऊ. त्यांच्या माडांखाली गोल नाकाची, बटबटीत दिव्यांची एक जुनी व्हॅन उभी आहे. एके काळी ती बंदरावर बर्फ वाहायची. आमच्या वरातीला तीच मागून आणली होती. मागे वऱ्हाड, पुढे ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघे, आणि पायांखाली बर्फाचे नि मासळीचे पाणी. आणि त्या पुढच्या सीटवरची ती ठमी नवरी, म्हणजे मीच! शालूचा पदर नाकाला, काजळ गालांवर ओघळलेले, मुद्रा मात्र संस्थानच्या राणीची. गाडी नवऱ्याचीच, असा बाईसाहेबांचा समज. खिडक्यांना कुठल्या रंगाचे पडदे शिवावेत, ह्याचे चिंतन वळणावळणावर चाललेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दिसेना, तर चारचौघांत विचारते काय, "आपली गाडी कुठं गेली?" सासूबाई हसता हसता खालीच बसल्या. "अगो बाय माझे, ती बर्फाची गाडी! बर्फ आणायला गेली!" त्या बावळट पोरीची मला अजून लाज वाटते, आणि थोडा हेवाही. इतक्या निःशंकपणे 'आपली' म्हणणे पुढे मला कधी जमले नाही.

बर्फाचा कारखाना बंद पडला आणि गाडी भावजींकडे आली. हाडाचे दर्यावर्दी ते. दर पावसाळ्यात त्यांनी तिला होडीसारखी ओंडक्यांवर चढवली आणि माडाच्या झापांनी घट्ट शाकारली. लाकडाला ती ओलसर झोप मानवते. लोखंड मात्र त्या मायेच्या अंधारात वर्षानुवर्षे मुकाट्याने झिजत राहिले. काल झाप दूर केले, तेव्हा आत कित्येक संध्याकाळी कोंडून ठेवल्यासारखा तांबूस गंज होता.

"होडीसारखी निजवलीस रे हिला, पांडू," हे म्हणाले. रागाने नव्हे, कौतुकाने.

"मग, दादा? आपल्याला दुसरं काय येतंय?" मग माझ्याकडे वळून भावजी म्हणाले, "उद्या भंगारवाला येतोय. वहिनी, तुम्ही बोला. दादा म्हणतो, ती हो म्हणाली तरच घेईन. घेईन नि पुन्हा रस्त्यावर आणीन."

मुलाने मुंबईहून निकाल आधीच दिला होता, "आई, बाबांना आवर. डॉक्टरांनी वाकू नका म्हटलंय." खरेच आहे. घेतली, तर हे अंगणात तिच्या पोटाखाली शिरणार, ठोकत बसणार. आणि कुठल्याशा दुपारी ठोकण्याचा आवाज थांबला, की घरातून बाहेर येऊन पाहायचे मलाच आहे. न घेतली, तर पडवीतली ती पाठमोरी आकृती आहेच. तिच्याकडे पाहत राहण्याचेही मला तितकेच भय वाटते.

दाराखालच्या पत्र्यावर ह्यांचे बोट थबकले. मग हळूच दाबले गेले, आणि भिजल्या पुठ्ठ्यात शिरावे तसे सरळ आत गेले. ह्यांनी चोरून माझ्याकडे पाहिले, बोट काढून घेतले आणि त्या भोकावर तळहात ठेवला. अगदी सहज, दमून टेकल्यासारखा.

"पत्रा जाड हाय अजून," म्हणाले.

"दिसतंय की," मी म्हणाले.

घाटी चढताना मधेच थांबून हे छातीवर हात ठेवतात, तोही असाच. मला कळत नाही, असे ह्यांना वाटते. तो हात काढून आत काय उरले आहे ते पाहण्याचा धीर मला तिथेही होत नाही.

"घ्या," मी म्हणाले. "पण माझ्या वाळवणाचं ऊन अडवलंत, तर भंगारवाल्याला मी बोलावीन. तुम्हा दोघांसाठी!"

भावजी खो खो हसले. हे हसले नाहीत. हात तसाच ठेवून, पुष्कळ महिन्यांनी, खाडीपलीकडच्या समुद्राकडे बघत राहिले.

हे ती गाडी पुरी करतील, असे मला वाटत नाही. पुरी झालेली वस्तू आपल्या कर्त्याला मागे टाकून वाटेला लागते. अर्धी राहिलेली मात्र त्याच्या हाताच्या खुणा अंगावर घेऊन तिथेच थांबते. उद्या काळ ह्यांची चाल, ह्यांचा आवाज एकेक करून माझ्याकडून मागून नेईल, तेव्हा अंगणात एवढे तरी असावे, की ज्याच्याकडे बोट दाखवून मला म्हणता येईल, 'ह्यांचं काम अजून चालू आहे.'