मुऱ्हाळी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. देवपूरच्या कमलबाईंना मात्र महिनाभर रोजच कुणीतरी मुऱ्हाळी दिसत होता. सिलिंडरवाला आला की त्या पिशवी घेऊन त्याच्या मागे निघायच्या. भंगारवाल्याला तर चालू मिक्सरच देऊन टाकला, "भाऊ, माय साठे लई जाय" म्हणून, जणू आईला माहेरी धाडलेली भेटच!

त्यांची सून दिपमाला कंटाळली होती. सासूची माया होती, नाही असं नाही. पण मायेनं पाठ दुखायची थांबते का? परवा म्हातारीनं शेगडी न पेटवताच गॅस सोडून ठेवला. तेव्हापासून दिपमाला रेग्युलेटर काढून कपाटात टाकायची आणि किल्ली कमरेला लावायची.

यंदा तिचाही मुऱ्हाळी यायचा होता. अमळनेरहून अमृत, धाकटा भाऊ. किती वर्षांनी! नवऱ्याची नोकरी जळगावला, सणाला सुट्टी नाही. पण नणंद पुनम दोन दिवस सांभाळायला येते म्हणाली होती. सकाळी तिचाच फोन आला, "वहिनी, घरी पाहुणे टपकले गं. नाही जमत."

दिपमालाला इतका राग आला की तिनं बांधलेली पिशवी पलंगाखाली ढकलून दिली.

तेवढ्यात अमृतची मोटारसायकल फाटकात थांबली. तो उतरतो न उतरतो तोच कमलबाई डोक्यावर पदर घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसल्या. उतरायचं नावच काढीनात. दिपमालाकडे बघून खालच्या आवाजात म्हणाल्या, "मना भाऊ उना. जाऊ का, आत्याबाई?"

आत्याबाई! सासूला दिपमाला स्वतः याच नावानं हाक मारायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी असंच दारात उभं राहून तिनं विचारलं होतं, "जाऊ का, आत्याबाई?" आणि कमलबाई म्हणाल्या होत्या, "आन् भाकरी कोन टाकी?" दरवर्षी तेच. आज तेच शब्द दिपमालाच्या जिभेवर आले. तिची तिलाच लाज वाटली.

"जा बाई, जाऊन या," ती म्हणाली. मग अमृतला बाजूला घेऊन म्हणाली, "पांझरेच्या पुलापर्यंत फिरवून आण. हळू चालव. एका हातानं मागे त्यांना धर."

ती दोघं परत येईपर्यंत दिपमाला पायरीवरच बसून राहिली. अमृत एकटाच परत जाणार, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

कमलबाई उतरल्या त्या हसतच. "जाई उनू माहेरले. माय भेटनी!" असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि सुनेच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या,

"आते तुम्ही माहेरले जा, आत्याबाई. भाकरी मी टाकसू."

दिपमालानं कमरेची किल्ली मुठीत घट्ट धरली आणि ती हमसून हमसून रडू लागली.