भरीव पिरॅमिडचे दार

मी एक जुना, ठेंगणा, तीन पायऱ्यांचा पिरॅमिड आहे आणि आतून पूर्ण भरीव आहे. मित्रांनो, यातली शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा. ती न पटल्यामुळे माझ्या पायाशी दोन माणसे मेली.

उत्तरेकडच्या थोरल्या पिरॅमिडांत राजे झोपतात. आम्हा गावाकडच्यांच्या पोटात नुसते दगड. राजा लांब असला तरी त्याचा डोळा इकडे आहे, एवढे गावाला सांगायचे आमचे काम. बांधले तेव्हा माझे फार कौतुक झाले. पुढे राजे बदलले आणि लोक माझ्या सावलीत गाढवे बांधू लागले.

खुई पुजारी मात्र मला विसरला नाही. माझ्या पूर्वेला एक कोरीव, फळीएवढे पातळ दगडी दार टेकवलेले होते. ते उघडत नसे. आमच्याकडे मेलेली माणसे अशा दारातून येतात आणि पुढ्यात ठेवलेली भाकरी खातात. खुई ती न चुकता ठेवी.

मग नाईलचा पूर यायचा थांबला आणि शेते करपली. शेजारच्या प्रांतातून इदू नावाचा नायक उपाशी टोळी घेऊन आला. त्याने कोठारे फोडली. ती रिकामी निघाली, तेव्हा राखणदारांची डोकी फोडली. शेवटी तो माझ्यापाशी आला.

"बुवा, दार उघडा. आत सोनं आहे."

"आत काही नाही, नायक. सगळा दगड आहे."

"मग दार कशाला केलंय? वारा यायला?"

टोळी खिदळली. खुईची बायको हेनुत कळवळून म्हणाली, "अहो, नीट समजावून सांगा ना त्याला!"

खुईने नीट समजावले, तिथेच घात झाला. "हे दार जिवंत माणसाला उघडत नाही, नायक. फक्त मेलेल्याला."

"असं आधी सांगायचं," इदू म्हणाला आणि त्याने कुऱ्हाड घातली.

प्रेत नदीत, मगरींपुढे फेकले. मग सगळे दारापुढे बसून राहिले. खुई आतून कडी कधी काढतो याची वाट पाहत.

"मुद्दाम वेळ लावतोय," एक जण कुरकुरला.

उन्हे कलली तसा इदूचा धीर सुटला. दार बाजूला सारून तो घणाने खालचे दगड फोडत माझ्या पोटात शिरला. मी काही केले नाही. वरचे दगड खालच्यांच्या आधाराने उभे असतात, एवढेच. किंकाळी अर्धीच ऐकू आली. टोळी पळाली.

सकाळी हेनुत भाकरी घेऊन आली. ठेवायला वाकली आणि थबकली. आत आता इदू होता.

"तुला घालू होय जेवायला, मेल्या?"

तिने ते दार फरफटत काठावर नेले, पाण्याकडे तोंड करून उभे केले आणि पुढ्यात भाकरी ठेवली. "अहो, इकडून या."

तेव्हापासून मला दार नाही. मित्रांनो, या, माझ्या पायरीवर बसा, पण कृपा करून मला खणू नका. आता आत खरेच कोणीतरी आहे, आणि तो फार दिवसांचा उपाशी आहे.