पंखेवालं

मी बोलतोय, पंखेवालं विमान. व्याकरणाने मला 'ते विमान' करून ठेवलं आहे, पण माझ्या आवाजाला 'बोलतंय' काही शोभत नाही, म्हणून मी आपला 'बोलतोय' म्हणतो. ज्यांना खटकत असेल त्यांनी कानांत कापूस घालावा. माझ्यात बसायचं तर तसाही घालावाच लागतो.

'पंखेवालं' हे नाव मी घेतलेलं नाही, मला चिकटवलेलं आहे. दोन पंखांवर दोन इंजिनं आणि प्रत्येक इंजिनाच्या तोंडावर चार पात्यांचा पंखा, एवढंच लोकांना दिसतं. पंख्यामागे, झाकणाच्या आत, जे बसलंय ते जेटचंच इंजिन आहे. हवा आत ओढायची, इंधन जाळायचं, सगळं जेटसारखंच. फक्त त्यातली ताकद मी पंखा फिरवायला वापरतो, म्हणून मला इंधन कमी लागतं आणि आखूड धावपट्टी पुरते. पण आत काय आहे हे विचारायची माणसांना सवय नाही. लग्न ठरवतानासुद्धा ती आधी फोटो मागवतात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझा डावा पंख दोन कामगार बायकांनी जोडला. एकीने बाहेरून रिव्हेट ठोकायचं, दुसरीने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा आणि दोघींनी दिवसभर आपापल्या सासूबद्दल बोलायचं. सासू जितकी वाईट निघे तितकं रिव्हेट घट्ट बसे. तो पंख आजवर कधी कुरकुरला नाही. उजवा पंख दोन अबोल गृहस्थांनी जोडला. तो थंडीत अजून करकरतो.

पहिली काही वर्षं मी मोठ्या कंपनीत, मोठ्या शहरांमध्ये उडत होतो. तेव्हा माझं कौतुक होतं. लोक ठेवणीतले कपडे घालून यायचे, पायऱ्यांवर उभे राहून फोटो काढून घ्यायचे. कंपनीचे साहेब माझ्या नाकावर हात ठेवून भाषणं करायचे. मग जेट विमानं आली, गुळगुळीत, पंखा नसलेली. तेच साहेब त्यांच्या नाकावर हात ठेवून तीच भाषणं करू लागले. मला मुख्य इमारतीसमोरून उचलून कचऱ्याच्या गाड्यांशेजारी उभं केलं आणि पुढे एका लहान कंपनीच्या गळ्यात मारलं.

तोवर मला माणसांचा पुरेसा अनुभव आला होता. खिडकीची जागा मिळावी म्हणून हे लोक भांडतात आणि ती मिळाली की झोपतात. चाकं पूर्ण थांबायच्या आधी उठू नका म्हटलं की आधीच अर्धे उठलेले असतात. ढगांत दोन धक्के बसले की शेजारच्या परक्या माणसाचा हात घट्ट धरतात आणि खाली उतरल्यावर त्याला ओळखही दाखवत नाहीत.

लहान कंपनीने मला या डोंगरातल्या गावाला लावलं. इथली धावपट्टी म्हणजे अंगणच. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला खोल नदी, मध्ये डांबराची पट्टी. इतक्या कमी जागेतून उडायचं तर वजन नेमकं ठाऊक हवं, म्हणून इथे सामानाबरोबर माणसंही काट्यावर उभी करतात. हे काम काटाबाईंचं. तिकीट तपासायचं, वजन करायचं आणि कुणाचं वजन किती हे मेलं तरी कुणाला सांगायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता. नवरे मुद्दाम मान लांब करून काटा बघायला जात.

"भाऊ, मागे व्हा. बायकोचं वजन नवऱ्याने बघायचं नसतं, पेलायचं असतं," त्या म्हणत.

दर गुरुवारी माझ्यातून शहरातली डोळ्यांची डॉक्टरीण येई. सकाळी यायचं, गावच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढायचे, आधीच्या आठवड्यातल्या पट्ट्या सोडायच्या आणि दुपारी माझ्यातूनच परत जायचं. गावाला रस्ता आहे, नाही असं नाही. पण तो डोंगराला इतके वळसे घालतो की त्यावरून जाणाऱ्याला पोटातलं सगळं परत बघायला मिळतं. म्हाताऱ्या माणसांना त्या रस्त्याने न्यायचं म्हणजे डोळे सुधारण्याआधी कंबर मोडायची. म्हणून गावातल्या म्हाताऱ्या डोळ्यांची सगळी मदार माझ्यावर होती.

आणि याच गावाला माझी लाज वाटायची. त्यांचा पुढारी होता जेटभाऊ. हे नाव त्याला काटाबाईंनी ठेवलं आणि गावाने उचलून धरलं. गंमत बघा, जेटभाऊचं बाजारपेठेत दुकान आहे, छताच्या पंख्यांचं. बापानेही पंखेच विकले. पण आकाशात पंखा दिसला की याचं डोकं फिरे.

"शेजारच्या गावाला जेट येतं आणि आपल्याला हे टेबलफॅन!" तो चौकात उभा राहून ओरडे. "आपण काय माणसं नाही?"

लोक टाळ्या वाजवत. जेट कृती समिती निघाली. समितीत सामील होणाऱ्या बहुतेकांनी विमानात पाय ठेवलेला नव्हता, पण मानाचा प्रश्न होता आणि मानाच्या प्रश्नाला तिकीट लागत नाही.

जेटभाऊच्या घरात एक विरोधी पक्ष मात्र होता, तो म्हणजे त्याची आई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाईंनी एका गुरुवारी तिचा उजवा डोळा केला. पट्टी सुटल्यावर म्हातारी पहिल्यांदा विमानतळावर आली, ती मला बघायला. काटाबाईंच्या खुर्चीत बसून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"आवाजावरून मोठं वाटायचं," ती म्हणाली. "एवढंसंच आहे की. पण बरं आहे हो."

माझ्याबद्दल कुणी 'बरं आहे' म्हटल्याला फार वर्षं झाली होती. मला आनंद झाला, तो लपवत नाही.

डाव्या डोळ्याचा गुरुवार ठरला. नेमका त्याच गुरुवारी जेटभाऊने समिती धावपट्टीवर बसवली. मी डोंगर ओलांडून खाली बघतो तर डांबरावर सतरंज्या, माणसं आणि फलक: 'पंखा नको, जेट द्या.' माझ्या पोटात डॉक्टरीणबाई अवजारांची पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या. आम्ही गावावर घिरट्या घातल्या. खालून लोक मूठ उगारत होते आणि त्यांच्या मध्यभागी, आईची डॉक्टरीण आकाशातून परत पाठवण्यासाठी, जेटभाऊ सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. वैमानिकाने मान हलवली आणि आम्ही माघारी फिरलो.

कंपनीला भांडण नको होतं. तिने जेट मान्य केलं. माझा निरोप आणि जेटचं स्वागत एकाच मांडवात उरकायचं ठरलं. मला कडेला उभं केलं, माझ्या पंख्यांवर कापड टाकलं, पाहुण्यांना दिसायला नको म्हणून. बँड आला, फुगे आले, रिबीन आली. आणि डोंगरामागून जेट आलं. काय दिमाख! पांढरंशुभ्र, टोकदार, माझ्या दुप्पट. ते गावावरून एकदा गेलं, वळून दुसऱ्यांदा गेलं, जरा खाली येऊन तिसऱ्यांदा गेलं आणि निघून गेलं.

धावपट्टी त्याला पुरत नव्हती. ती मोजलीच नव्हती. समितीला वाटलं कंपनी मोजेल. कंपनीला वाटलं सरकारने मोजली असेल. सरकारला वाटलं, एवढं मोठं आंदोलन करतायत म्हणजे लोकांनी मोजूनच मागणी केली असणार. बँडवाले वाजवायचं थांबावं की नाही ते न कळल्याने बराच वेळ वाजवत राहिले.

"आज फक्त पाहणी होती!" जेटभाऊने माईकवरून सांगितलं. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

मला रिकामं शहरात नेऊन विमानं ठेवायच्या हॅंगरच्या मागे सोडलं. टायर बसले. चिमण्यांनी माझ्या डाव्या इंजिनात काड्या आणून टाकल्या. मला भंगारात काढायचं की एखाद्या बागेत मुलांना चढायला ठेवायचं, यावर साहेबलोकांचा विचार चालला होता. मला दोन्ही नको होतं. मला तो डावा डोळा राहून राहून आठवायचा. जेटची पाहणी काही संपत नव्हती आणि डॉक्टरीणबाईंना एका दिवसात गावाकडे जाऊन यायला साधन उरलं नव्हतं.

मग एके दिवशी हॅंगरमागे जेटभाऊ उगवला. एकटाच, टोपी कपाळावर ओढलेली. सोबत कंपनीचा विक्रीसाहेब होता, माझ्यासाठी गिऱ्हाईक शोधून दमलेला.

"आई बोलत नाही माझ्याशी," जेटभाऊ म्हणाला. "जेवायला वाढते आणि म्हणते, उजव्या डोळ्याने वाढलंय, डावीकडचं मीठ तुझं तू बघ. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, फार लांबवलं तर डोळा जाईल."

"मग हे घेऊन जा ना परत."

"अहो, कसं नेऊ? कोणत्या तोंडाने? सगळ्या गावाला जेट सांगून बसलोय मी!"

विक्रीसाहेबाने माझ्याकडे बघितलं, मग जेटभाऊकडे. त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की मला आधीच धास्ती वाटली.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर हे जेटच आहे. आत जेट इंजिन आहे. पंखा आपला वरून."

आयुष्यभर ज्या वाक्याची मी वाट पाहिली, ते कुणा जाणकाराने कौतुकाने म्हटलं नाही. ते निघालं पडून राहिलेला माल खपवायला. खरं बोलतानाही माणसं शेंडी लावल्यासारखी बोलू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

जेटभाऊ वाकून माझ्या इंजिनात डोकावला. तिथे चिमणीची काडी होती. "जेट," तो स्वतःशीच म्हणाला. आणि ताठ झाला.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. कंपनीने मला पुन्हा त्याच गावाला लावायचं ठरवलं. इंजिनं साफ झाली, टायर बदलले, तपासणी करणाऱ्यांनी मला नखशिखांत ठोकून बघितलं. अंगाला नवा रंग लागला आणि शेपटीवर माणसाच्या उंचीची अक्षरं आली: 'जेट'. गावात पुन्हा तोच बँड. वर्तमानपत्रातल्या फोटोत पंखे येऊ नयेत म्हणून समितीचे सदस्य त्यांच्या समोर ओळीने उभे राहिले. ज्यांनी मला मुठी दाखवल्या होत्या ते आता पोरांना सांगत होते, बघ, आवाजच वेगळा आहे. आवाज तोच होता. काटाबाई मान खाली घालून वजनं करत होत्या, कारण वर बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं. आणि माझ्यातून, पेटी मांडीवर घेऊन आलेल्या डॉक्टरीणबाई उतरल्या.

मी काय करणार होतो? ओरडून खरं सांगितलं असतं तर मी परत चिमण्यांकडे आणि म्हातारी अंधारात. मी गप्प बसलो. मला स्वतःची थोडी लाज वाटली आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

हा मागचा गुरुवार. त्याच दिवशी डावा डोळा झाला. आज पुन्हा गुरुवार आहे, दुपार आहे आणि मी डॉक्टरीणबाईंची वाट बघत उभा आहे, म्हणून तर एवढं बोलायला सवड मिळाली. माझं वय झालंय. तपासणीवाल्यांनी या खेपेला परवानगी दिली ती नाखुशीनेच, पुढच्या खेपेला देतील असं वाटत नाही. धावपट्टी वाढवायचं कुणाच्या मनात नाही, माझ्यासारखं दुसरं शोधायचं तर त्याहून नाही. जेट मिळालंय, आता कशाला? समितीने सत्कार घेऊन स्वतःला विसर्जित केलं.

त्या आल्याच बघा. डॉक्टरीणबाई पुढे, मागे जेटभाऊ, आणि त्याच्या हाताला धरून म्हातारी. पट्टी सुटली आहे. ती थेट माझ्यापाशी येते, पंख्यासमोर थांबते, एक पातं खालून वर नीट बघते. मग शेपटीवरची अक्षरं वाचते. दोन्ही डोळ्यांनी.

"जेट म्हणे," ती म्हणते.

"आई, हळू," जेटभाऊ इकडेतिकडे बघतो.

"मी कुठे काय म्हणतेय? तुझं जेट तुला लखलाभ. मला दिसायला लागलं." ती माझ्या पोटावर हात ठेवते. हात गरम आहे. "पण हे म्हातारं झालंय रे. रंगाखाली पत्रा दिसतोय मला. हे थकलं की बाकीच्यांच्या डोळ्यांचं काय? शिंपीणबाईचे दोन्ही राहिलेत."

जेटभाऊची छाती पुन्हा फुगते. हे लक्षण मला चांगलं माहीत आहे.

"त्याची काळजी नको, आई! पुन्हा समिती काढतो. या वेळेला सरळ हेलिकॉप्टर मागतो!"

म्हातारी त्याच्याकडे बघते. आता तिला त्याचा चेहरा अगदी स्वच्छ दिसतो.

"अरे बाळा," ती म्हणते, "त्याच्या तर डोक्यावरच पंखा असतो."