परत खुपसलेले पत्ते

मित्रांनो, मी एक जुना पत्त्यांचा जोड आहे. झब्बू किंवा रमी खेळतात तो नव्हे, मी टॅरोचा. माझ्या प्रत्येक पत्त्यावर एक चित्र आहे आणि ती चित्रं पाहून लोक स्वतःच्या आयुष्याचा अंदाज बांधतात. स्वभावानं मी मुळातच अस्वस्थ. ज्याला जन्मापासून पिसलं जातं, त्यानं स्वस्थ बसायचं तरी कसं?

एका छोट्या छापखान्यात माझा जन्म झाला. मोठ्या पुठ्ठ्यावर आम्ही सगळे एकमेकांना चिकटून छापले गेलो, मग धारदार पात्यानं आमची फारकत केली. तिथून वह्या-पेन्सिलींच्या दुकानात आलो आणि काचेमागे, डिंकाच्या बाटल्यांशेजारी, बरेच दिवस ऊन खात बसलो. शेवटी कॉलेजातल्या एका मुलीनं मला उचललं. पुढे ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला लागली, म्हणून मी तिला चष्मेवाली म्हणतो.

तिच्या वसतिगृहात माझा भाव भलताच वधारला. तिच्या खोलीबाहेर मुली ताटकळत उभ्या राहायच्या. "तो परत बोलेल का गं माझ्याशी?" "पास होईन ना मी?" चष्मेवाली ऐटीत पत्ते मांडायची आणि तोंडाला येईल ते ठोकून द्यायची. खरं निघालं की वाहवा तिची, खोटं निघालं की बोल मला. मला कशाचाच थांगपत्ता नव्हता. मी कागद, मला उद्याचं काय कळणार? पण हे मला कुणी विचारलंच नाही.

मग तिची नोकरी, लग्न, मुलगी, आणि मी कपाटाच्या खणात. माझ्यावर ताणलेलं रबर वितळून वरच्या पत्त्याला चिकटलं. सोबतीला तुटक्या फ्रेमा, मेलेले चार्जर आणि एक मनगटी घड्याळ, जे बंद पडूनही तोऱ्यात होतं. त्या वर्षांत मी फार कुढलो. बाहेर पावलं वाजली की वाटायचं, आता खण उघडेल. उघडायचा, हात यायचा आणि चार्जर घेऊन जायचा.

चाळिशी उलटल्यावर एका सकाळी बारीक स्क्रूड्रायव्हर शोधताना तिचा हात मला लागला. रबराचे तुकडे नखानं खरवडताना ती स्वतःशीच हसली. तेव्हापासून घर जागं व्हायच्या आत, चहा पिता पिता, रोज एक पत्ता काढायचा असं सुरू झालं. आता ती उद्याचं विचारत नव्हती. तिनं स्वतःला एक नियम घातला होता. अर्थ नंतर, आधी चित्रात काय दिसतंय ते मोठ्यानं सांगायचं. दिवसभर गिऱ्हाइकांना ती हेच तर विचारते, "काय दिसतंय? आता बरं की आधीचं बरं?" एकदा काठ्यांचा भारा वाहणारी बाई निघाली. "पार वाकलीय," ती म्हणाली, "पण भारा लादणारं कुणी दिसत नाही." त्याच दिवशी दुकानाच्या मालकाला तिनं सांगून टाकलं की रविवारी येणार नाही. मित्रांनो, आपणही कामाचे आहोत असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

पण हे सुख टिकलं नाही. तिचे बाबा तिच्याकडेच राहतात. जन्मभर त्यांनी मालाची व्हॅन चालवली. बायको गेल्यापासून त्यांना एकच काम उरलंय, नातीला गाडीनं शाळेत सोडायचं. अलीकडे ते चहा कपाशेजारी ओतायला लागले होते. गाडीच्या बंपरला पोचा आला, तर म्हणाले, फाटकच वाकडं बसवलंय.

चष्मेवालीनं त्यांना दुकानात नेऊन तपासलं आणि तिथंच ती चुकली. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बाबांना तोंडपाठ होता. संध्याकाळी तिची वाट बघत ते तिथल्या बाकावर बसतात आणि लोकांची तपासणी ऐकतात. सगळ्यांत खालची ओळसुद्धा त्यांनी धडाधड म्हणून दाखवली. तक्ता उलटला असता तर मागे दुसरी अक्षरं होती. तिला ते ठाऊक होतं. तिनं तो उलटला नाही. "छान आहे, बाबा," एवढंच म्हणाली.

आणि मग लागली माझ्या मागे. "सांगू, की थांबू?" रोज तोच प्रश्न. कोसळणारा बुरूज निघाला की लगेच परत खुपसायचा आणि पिसायचं. डोळे बांधलेली बाई निघाली की पुन्हा पिसायचं. एखादं शांत तळं निघेपर्यंत तिचे हात थांबत नसत. मग स्वतःलाच म्हणायची, "बघ, थांबायलाच सांगतायत." मी काहीच सांगत नव्हतो, तीच माझ्या तोंडून वदवून घेत होती. थोड्या वेळानं खाली गाडी सुरू झाली की आम्हा दोघांचाही जीव टांगणीला लागायचा.

एके सकाळी बाबा लवकर तयार होऊन आले आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"रोज काय बघतेस त्यात? माझाही काढ एक."

तिनं काढून त्यांच्या हातात दिला. "आधी काय दिसतंय ते सांगायचं, बाबा. एवढंच."

बाबांनी मान तिरकी करून पाहिलं. "फुलं आहेत. पिवळी. कडेनं भिंत आहे. वर कोपऱ्यात पक्षी."

"आणि मधे?"

"मधे काय, अंगण आहे. रिकामं."

तेवढ्यात दप्तर पाठीला लावून नात आली. "आजोबा, चला ना, उशीर होतोय."

बाबा उठले, खिशातून किल्ली काढली. चष्मेवालीनं त्यांचं मनगट धरलं. "बाबा, मधे मूल आहे. धावतंय."

बाबांनी पत्ता जवळ घेतला, लांब धरला, खिडकीकडे वळवला. मग नातीपुढे केला. "आहे का गं?"

"आहे की. एवढं मोठं तर आहे."

बाबांनी किल्ली माझ्यावर ठेवली.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"बंपरच्या आधीपासून. भीती वाटत होती, बाबा."

"तिच्या जिवाची, की मी रुसेन याची?"

ती रडायलाच लागली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नातीकडे वळले. "चल, आज पायी जाऊ. सोडायला मीच येणार. रस्ता तू बघायचा, दप्तर माझ्याकडे दे." चष्मेवाली डोळे पुसत, चपला अडकवत त्यांच्या मागे धावली.

मित्रांनो, ओल्या हातानं आम्हाला धरू नका, रबर लावू नका, हे मी तुम्हाला सांगणारच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. नको तो पत्ता निघाला, तर लगेच परत खुपसून पिसायला लागू नका. थोडा वेळ समोर धरा. पुढे काय होणार हे मला कधीच कळलं नाही आणि कळणारही नाही. पण वाटेत मूल असेल, तर ते माझ्यात दिसतं.