खुब्ज

वैशाखाचे ऊन संतापले होते. पुण्यातल्या त्या गच्चीवर, त्या ज्वालाजिव्ह, धूलिधूसर दुपारी, सावलीसुद्धा भिंतीला अंग चोरून उभी होती. आणि कठड्यावर, भाडेकरू हनानच्या खोलीसमोर, ठेवले होते शिळ्या रोटीचे दोन तुकडे.

घरमालकीण इंदूताईंनी ते पाहिले आणि त्यांचे पित्त खवळले. घरात लेक सातव्या महिन्याची, पहिलटकरीण. आणि दारासमोर उतारा! नजर उतरवलेली भाकरी अशीच ठेवतात, हे ज्ञान त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेले. येमेनहून शिकायला आलेली ही अबोल, कृष्णवस्त्रा, दीर्घनेत्रा पोरगी आपल्या लेकीच्या मुळावर उठली आहे, असे त्यांनी ठरवूनच टाकले. विचारायचे कुणी? रागाला कान असतात थोडेच!

केरसुणीच्या एका फटक्यात तुकडे खाली आले. "करणी करतेस? माझ्या पोरीवर? आत्ताच्या आत्ता खोली रिकामी कर!" आणि एक तुकडा त्यांनी चपलेखाली चिरडला.

हनान धावत बाहेर आली. तिच्या डोळ्यांत युद्धाची आग होती, दुष्काळाची आग होती, भुकेने मातीत गेलेल्या धाकट्या भावाची आग होती. ती वाकली. धूळमाखला तुकडा तिने उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला, पुन्हा कठड्यावर ठेवला.

"खुब्ज," ती म्हणाली. "तुमची भाकरी, तसं आमचं खुब्ज. कचऱ्यात नाही टाकत आम्ही. उंच ठेवतो, पाखरू खातं. तुम्ही पाय दिला, ताई! अन्नावर पाय!"

खुब्ज. शब्द तापल्या तव्यासारखा अंगाला लागला. अन्नाला चुकून पाय लागला तरी हात लावून नमस्कार करणारे हे घर! इंदूताईंना लाज वाटली. आणि त्या लाजेचाही रागच आला.

हनानने बॅग भरली, जिन्याशी आली. इंदूताई आडव्या आल्या, तव्यावरची भाकरी तशीच हातात घेऊन. "चुकलं माझं. उपाशी जाऊ नकोस गं. राहा."

हनानने भाकरी घेतली. ओठांना लावली, कपाळाला लावली, आणि परत त्यांच्याच तळहातावर ठेवली. मान भाकरीला होता, त्या घराला नव्हता. जिन्यावरून तिची पावले उतरत गेली, उतरत गेली. इंदूताईंचा हात भाजत होता. आणि भाकरी खाली ठेवायची त्यांची छाती होत नव्हती.