दम कितव्या मजल्यावर आहे?

बाबांना कामावर परत घेतलं. पण हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही आणि तुम्हीही ऐकलेलं नाही. सध्या बाबा ओट्याला धरून टाचा वर करतायत, आणि हा माणूस पुन्हा कामावर जाईल असं कोणालाही वाटत नाहीये. ओट्यालाही नाही.

बाबा एका पाचमजली ऑफिसात लिफ्टमन. एकतीस वर्षं एका स्टुलावर बसून त्यांनी माणसं वर नेली आणि तीच माणसं खाली आणली. मग न्यूमोनिया झाला. बावीस दिवस आयसीयू, त्यातले नऊ व्हेंटिलेटरवर. घरी आले तेव्हा अंगावरची चादरसुद्धा त्यांना जड व्हायची. आई म्हणाली, "माझ्या डोळ्यात काहीतरी गेलंय." ते तीन दिवस निघालं नाही.

इकडे ऑफिसात लिफ्ट बंद. दुसरा लिफ्टमन नाही. त्यामुळे तीन महिन्यांत सगळ्या ऑफिसचा व्यायाम झाला, बाबा सोडून. मग पत्र आलं: महिनाअखेरीपर्यंत लिफ्टमननं तब्येतीचा दाखला आणावा, नाहीतर बटणांची लिफ्ट बसवण्यात येईल. दाखला देणारे ऑफिसचे डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर बसतात.

"मग लिफ्टनं जा," आई म्हणाली.

"लिफ्ट बंद आहे."

"का?"

"मी आजारी आहे."

आईनं पत्र पुन्हा वाचलं, उलटं करून मागची बाजूही वाचली. मागे काही नव्हतं.

म्हणजे चोपन्न पायऱ्या. बाबांच्या दृष्टीनं जिना हे दुसरं खातं. त्या खात्याशी त्यांचा एकतीस वर्षांत संबंध आला नव्हता.

फिजिओथेरपिस्ट ताई आठवड्यातून दोनदा यायची. ऑफिसातून आणलेल्या त्यांच्याच स्टुलावरून हात न टेकता उठायचं, बसायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. खोलीतून दारापर्यंत चालायचं. "काका, दम शून्य ते दहात सांगायचा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे जीव चालला. चार-पाचपर्यंत चालेल. सहा झाला की लगेच बसायचं."

ताई नसताना विचारायचं काम आईकडे आलं. "कुठवर आला दम?"

"दुसरा मजला."

"करा अजून पाच."

असे दहा दिवस गेले. बाबा पाचव्या मजल्याच्या वर कधी गेलेच नाहीत. आम्ही खूश. मी तर नातेवाइकांना फोन करून सांगितलं की बाबांचा दम अगदी शिस्तीत आहे.

अकराव्या दिवशी ताई आली तेव्हा बाबा स्टुलावरून सोळाव्यांदा उठत होते. चेहरा पांढराफटक, शर्ट ओला, तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी पाच बोटं दाखवली.

"हा पाच? काका, हा नऊ आहे! बसा आधी!"

बाबा बसले. पाणी प्यायले. बऱ्याच वेळानं समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, आमच्या इमारतीला पाचच मजले आहेत. सहावा मी कुठून आणू?"

ताई माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीकडे.

"पाचव्याच्या वर काय आहे?" तिनं विचारलं.

"गच्ची. पण तिथं लिफ्ट जात नाही."

"मग ठरलं. लिफ्ट जात नाही तिथं तुम्हीही जायचं नाही. गच्ची आली की बसायचं."

हे बाबांना पटलं. नियम त्यांच्या खात्यातला होता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही निघालो. बाबांचा एक हात कठड्यावर, ताई शेजारी, मागे मी त्यांचं लिफ्टमधलं स्टूल घेऊन, माझ्यामागे आई, मी स्टूल पाडलं तर ओरडायला. अठराव्या पायरीवर बाबा सवयीनं म्हणाले, "पहिला मजला. सावकाश उतरा." छत्तिसाव्या पायरीवर दुसरा मजला आला, पण आवाज अर्धाच. वरून कारकून मंडळी वाकून बघत होती. पंचेचाळिसाव्या पायरीवर, जिना वळतो तिथं, बाबा थांबले. फक्त नऊ उरल्या होत्या.

"चला, आलंच की!" वरून कोणीतरी ओरडलं.

बाबांनी वर पाहिलं. मग खाली आमच्याकडे. "गच्ची," ते म्हणाले.

मी स्टूल ठेवलं. बाबा बसले. ताईनं घड्याळावर चार मिनिटं मोजली. आईच्या डोळ्यात पुन्हा ते काहीतरी गेलं. मग बाबांनी हात छातीशी घेतले, पुढे झुकले आणि काही न धरता उठले. गेले चार आठवडे घरी याच स्टुलावरून उठत होते, तसेच.

"कितवा?" ताईनं विचारलं.

"दुसरा. चला."

डॉक्टरांनी त्यांना तपासलं. "जिन्यानं का आलात? लिफ्ट सुरू नाही झाली?"

"लिफ्टमन आजारी आहे."

"अजून? कधी येणार तो?"

"तुम्ही सही केलीत की."

डॉक्टरांनी सही केली. पाच वाजता ते बाबांच्या लिफ्टनं खाली गेले आणि तळमजल्यावर आल्यावर म्हणाले, "अरे, तो तुम्ही होय!"

कामावर लागल्यावरही ताईनं रोज पंचेचाळीस पायऱ्या चढायला सांगितल्यात, म्हणजे रोज गच्ची. त्यामुळे बाबांनी कामावरच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज लिहून घेतला. मी टाईप केला, आईनं स्वल्पविराम घातले. अर्ज असा:

"सदर इमारतीस पाचच मजले असल्याने अर्जदारास दम पूर्ण मोजता येत नाही. गच्चीच्या वरचा दम कोठे नोंदवावा याबाबत नियमांत तरतूद नाही. तरी वैद्यकीय कारणास्तव सदर इमारतीवर आणखी पाच मजले चढवण्यात यावेत, व काम पूर्ण होईपर्यंत अर्जदारास दम लागू नये असे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."