मुक्ताए नावाची माशी

माझ्या नावाची एक माशी आहे. चेष्टा नाही, खरंच. कुणाच्या नावानं रस्ता असतो, कुणाच्या नावानं शाळेत ढाल असते. माझ्या वाट्याला माशी आली, आणि तीसुद्धा तांदळाच्या कणीएवढी. हिरवीगार, चकचकीत, उंच पायांची, नदीकाठच्या चिखलावर बसणारी. तिच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द 'मुक्ताए', म्हणजे मुक्ताची. ती मुक्ता म्हणजे मी.

नाव ठेवलं आमच्या ह्यांनी. हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. लोक निवृत्त झाल्यावर माशा मारत बसतात, ह्यांनी नोकरीतही तेच केलं, असं मी चारचौघांत म्हणते आणि हे हसतात. जन्मभरात ह्यांच्या नावावर एवढी एकच नवी जात लागली. तिचा मूळ नमुना, म्हणजे जी माशी बघून जात ठरवली ती प्रत्यक्ष माशी, आमच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत लाकडी कपाटात असते. कार्डाच्या टोकाला डिंकानं चिकटवलेली, खाली लाल चिठ्ठी. त्याच कपाटात माझा लग्नातला शालू आहे. डांबरगोळ्या दोघांत मिळून.

ही माशी पहिल्यांदा दिसली ती मला. पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षी माझे वडील गेले. घरात जीव रमेना, म्हणून संध्याकाळी आम्ही ओंकारेश्वराजवळ नदीवर जाऊन बसायचो. एकदा मीच म्हटलं, "अहो, ती हिरवी बघा, केवढ्या ऐटीत उभी आहे." ह्यांनी खिशातून काचेची नळी काढली. वडिलांच्या आठवणीनं रडणाऱ्या बायकोशेजारी बसतानासुद्धा ह्यांच्या खिशात नळी होती.

ह्यांनी तशा बऱ्याच माशा धरल्या, पण निघाल्या सगळ्या माद्या. या माश्यांत जात ओळखायची ती नरावरून. नराच्या पोटाचं टोक खाली पुढे दुमडलेलं असतं आणि त्याला बारीक आकडे असतात. प्रत्येक जातीचे आकडे वेगळे, कुलपागणिक किल्ली वेगळी असावी तसे. माद्या मात्र एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी अशा. म्हणून नर मिळेपर्यंत नाव ठेवायचं नाही, असा शहाण्या लोकांचा रिवाज. हे थांबले. मग धरण फुटलं. पाणी ओसरल्यावर तो काठ उरला नाही, तो चिखल उरला नाही आणि माशाही दिसेनात. दोन उन्हाळे हे काठाकाठानं हिंडले. शेवटी म्हणाले, "संपली बहुतेक. निदान होती एवढं तरी कुठं लिहिलेलं असू दे." आणि नुसत्या माद्यांवरून त्यांनी जात जाहीर केली. नाव माझं दिलं. मी वरवर वैतागले. आतून किती सुखावले ते ह्यांना आजवर सांगितलेलं नाही.

याला आता सोळा वर्षं होऊन गेली. गेल्या फाल्गुनात एका दुपारी कमरजहां आली. ही कसब्यातली मुलगी, पीएच.डी. करते, नदीकाठच्या माश्यांवरच. वडील चांदभाई बुधवारात घड्याळं दुरुस्त करतात. त्यांचा केसासारख्या टोकाचा चिमटा हिच्या पर्समध्ये कायम असतो. कागदावर हिचे मार्गदर्शक दुसरे कुणी आहेत, पण अडलं की ती आमच्याकडे येते. एरवी दारातूनच "सर!" म्हणून ओरडणारी पोर त्या दिवशी चपला काढून थेट स्वयंपाकघरात आली.

"काकू, सर झोपलेत?"

"वामकुक्षी चालू आहे. तुला काय झालं? चेहरा का उतरलाय?"

तिनं ओट्यावर एक नळी ठेवली. आत दोन माशा, एकमेकींना चिकटलेल्या.

"काकू, मुक्ताए सापडली. आहे ती अजून. बंडगार्डनच्या खाली. आणि नरासकट सापडली, जोडी लागलेली असतानाच धरली."

मला इतका आनंद झाला की मी चहाचं आधण उतरवायचं विसरले. "अगं, मग चेहरा का पाडलास? उठवते त्यांना."

"थांबा ना." तिनं माझा हात धरला. "नराला आधीच नाव आहे."

मला कळेना. मग तिनं नीट सांगितलं. स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी खडकीच्या छावणीतल्या एका गोऱ्या डॉक्टरनं असाच नर धरून त्याला नाव ठेवलं होतं. त्याला मिळाले ते सगळे नर. या नराचे पंख ठिपक्यांचे, पुढचं पाऊल काळं आणि चपटं; मादीसमोर ते हलवून दाखवतो. मादीचे पंख साधे, पाऊल साधं. दोघांकडे बघून एक जात म्हणून कुणाच्या डोक्यातही येणार नाही. एकानं नवरा पाहिला, दुसऱ्यानं बायको पाहिली, आणि दोघांनी दोन जाती केल्या.

"मग?"

"मग नियम असा, की एकाच जातीला दोन नावं पडली तर पहिलं नाव खरं. दुसरं रद्द."

चहा उकळून खाली आला. मी गॅस बंद केला. मला वाईट वाटलं, आणि किती वाईट वाटलं याचं मलाच आश्चर्य वाटलं. ज्या माशीवरून मी ह्यांना इतकी वर्षं टोमणे मारले, ती जाणार म्हटल्यावर मला हवीशी झाली. आणि ह्यांचं काय? ह्यांची ती एकच.

"मी ही जोडी प्रबंधात घातली नाही तरी चालेल," कमरजहां हळूच म्हणाली. "माझं काही अडत नाही. कुणाला कळणारही नाही."

"आणि तुला कळलंय त्याचं काय करशील?"

तिनं ओट्यावरची नळी उचलली. मी म्हटलं, "चल. जे आहे ते त्यांना दाखव. चष्मा देवळीत आहे, तो घे आधी. नाहीतर अर्धा तास तेच शोधत बसतील."

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. कपाटातून पेटी आणली, मूळ नमुना काढला आणि नळीतल्या जोडीशेजारी मायक्रोस्कोपखाली ठेवला. कमरजहांनं चांदभाईंच्या चिमट्यानं नराला अलगद कुशीवर वळवलं. हे बघत राहिले. आधी पाठीवरचे राठ केस, मग पंखातल्या शिरा, मग पाय. पुन्हा केस.

"इकडे ये," हे मला म्हणाले. "बघ."

मी वाकून बघितलं. उजेडात तिघीही पाचूसारख्या हिरव्या होत्या. "पंखातली ही शीर बघ," हे सांगत होते, "टोकाकडे कशी एकदम वर वाकते. आता नराची बघ. त्याच जागी, तशीच. पाठीवरच्या केसांची ओळ बघ, तीच. ठिपके आणि चपटं पाऊल ही नराची हौस. हाडापेरानं दोघं एकच." मग ताठ बसले आणि म्हणाले, "एकच जात आहे, कमर. तू बरोबर आहेस. मी चुकलो."

चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होते.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "म्हणजे तो गोरा आधी आला म्हणून त्याचं खरं?"

"हो."

"आणि तुम्ही हौसेनं ठेवलेलं?"

"हौस मोजत नाहीत. आधी पडलेलं नाव तेच खरं. मागाहून कुणी कितीही मायेनं ठेवलं, तरी ते गळतं."

"वा! बरा नियम आहे. माशांना लागू आणि माणसांना नाही." मला थांबता येईना. "मला वडिलांनी आनंदी म्हणून वाढवली. लग्नात तुम्ही तांदळाच्या ताटात अंगठीनं मुक्ता लिहिलंत. का, तर घरात आनंदी नावाच्या एक काकू होत्या, दोन आनंदी नकोत! त्या काकूंना जाऊन एक तप झालं. वडील गेले, माहेर संपलं, त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. तेव्हा कुठं गेला होता तुमचा नियम? आणि आता ही मुक्ताही रद्द!"

हे माझ्याकडे बघत राहिले. कमरजहां कपबशा उचलून आत निघून गेली. एवढं बोलायचं नव्हतं मला. पण बोलून गेले, आणि खोटं त्यात काही नव्हतं.

ह्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. थोड्या वेळानं कमरजहांला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "लेख तू लिही. तुझ्या एकटीच्या नावानं. आणि 'मुक्ताए हे नाव यापुढे वापरू नये' हे वाक्य स्पष्ट घाल, माझी भीड ठेवू नकोस."

"सर, पण नमुना?"

"नमुना आहे तसाच राहतो. नाव गेलं तरी लाल चिठ्ठी कुणी काढत नाही." त्यांनी माशी पेटीत ठेवली, पेटी कपाटात ठेवली. डांबरगोळी सरकून शालूवर आली होती, ती उचलून जागेवर ठेवली.

रात्री जेवताना आम्ही भाजीबद्दल बोललो. मीठ कमी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. हे बाहेर टेबलाशी काहीतरी उलथापालथ करत होते. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला नावानं हाक अशी मारलेलीच नाही. "अगं" आणि "ऐकलंस का" यांवर संसार झाला. तसंच काहीतरी ऐकू येणार, आणि चष्मा देवळीत आहे हे मला सांगावं लागणार, म्हणून मी तयारीतच होते.

"आनंदी," बाहेरून आवाज आला. "माझा चष्मा कुठे आहे?"

लाटणं हातातच राहिलं. चष्मा कुठे आहे ते मला ठाऊक होतं. तरी मी लगेच ओ दिली नाही. म्हटलं, आणखी एकदा हाक येऊ दे.